जुन्या ध्वनिवर्धकाची दुरुस्ती

गुरुग्राम म्हटले की काचेच्या उंच इमारती आणि संगणकांच्या कचेऱ्या डोळ्यांपुढे येतात. २०१६ पर्यंत सरकारी दप्तरी गुडगाव असलेल्या या नगरात परदेशी राहून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्या सामानात क्वचित एक जडशीळ पेटी येते: जाड कापडाने मढवलेली, मागून उघडी आणि आत काचेच्या नळ्या असलेली. विजेच्या गिटारचा आवाज मोठा करणारा हा अमेरिकन ध्वनिवर्धक साठ-पासष्ट वर्षांचा असतो. त्याची पिन बदलावी आणि खोलीतल्या प्लगला जोडून पाहावे, हा विचार मालकाच्या मनात प्रथम येतो. आणि घात होतो तो इथेच.

त्या काळचे अमेरिकन यंत्र सुमारे ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या विजेसाठी बांधलेले. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. सरळ जोडले तर आतले रोहित्र, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, काही क्षणांत जळते. बाहेर दाब उतरवणारे दुसरे रोहित्र ठेवले, तरी कंपनसंख्येचा फरक राहतोच. कमी हर्ट्झवर जुन्या रोहित्राचे लोखंड अधिक तापते. शिवाय वीज जाऊन इमारतीचे जनरेटर सुरू होते, तेव्हा दाब वरखाली होतो तो निराळाच. म्हणून जाणता कारागीर दाब मोजतो, यंत्र तासभर चालवतो आणि रोहित्र किती तापले ते पाहतो, तेव्हाच ते मालकाच्या हाती देतो.

याहून मोठा धोका दोन पिनांच्या वायरीत आहे. जुन्या अमेरिकन यंत्रांत विजेच्या एका तारेपासून लोखंडी सांगाड्यापर्यंत एक छोटा कंडेन्सर जोडलेला असे. तो फुटला की सांगाड्यात वीज उतरते आणि गिटारच्या तारा त्याच सांगाड्याला जोडलेल्या असतात. वादकाने तारांवर बोटे ठेवून ओठ मायक्रोफोनला लावले, की मंडल पूर्ण झाले. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी हा तरुण गिटारवादक रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता. तेव्हा तो कंडेन्सर काढून टाकणे, तीन पिनांची वायर घालणे आणि सांगाड्याला पक्के अर्थिंग देणे याबाबत तडजोड नाही. यंत्राचा अस्सलपणा जातो अशी हळहळ करणारे संग्राहक भेटतात. त्यांचे या एका मुद्द्यावर ऐकू नये.

प्लग काढला म्हणजे यंत्र निर्धोक झाले, असेही नव्हे. व्हॉल्व्हच्या धनाग्राला चारशे-साडेचारशे व्होल्ट लागतात आणि ती वीज साठवणारे मोठे कंडेन्सर प्लग निघाल्यावरही बराच वेळ भरलेले राहू शकतात. काही हजार ओहमच्या रेझिस्टन्समधून ती वीज सांगाड्यात उतरवावी, मीटर शून्यावर आला की मगच हात घालावा. पेचकस टेकवून ठिणगी पाडण्याची बहाद्दुरी करू नये. चालू यंत्रात मोजमाप करताना एक हात पाठीमागे धरण्याची कारागिरांची रीत याच भयातून आली आहे.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डावर, म्हणजे शंभर वॅटचा साधा दिवा मध्ये घालून. दिवा भगभगीत पेटून तसाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला, तर पुढे जाण्यास हरकत नाही. गिटार सोडून बाकी सर्व जोडावे, विशेषतः स्पीकर. त्याच्यावाचून चालवले तर शेवटचे रोहित्र निकामी होऊ शकते. मग कान लावावेत. १०० हर्ट्झची भरड घरघर असेल, तर बहुधा वीज गाळणारे कंडेन्सर वाळले आहेत. ५० हर्ट्झचा खोल गुंजारव असेल, तर तंतू तापवणाऱ्या तारांकडे किंवा अर्थिंगकडे पाहावे; त्या तारा एकमेकींना पिळून सांगाड्याच्या कडेने नेलेल्या असल्या पाहिजेत. गुणगुण आत येते कुठून, हे पाहण्यासाठी यंत्र बंद करून पहिला व्हॉल्व्ह काढावा आणि पुन्हा चालू करावे. आवाज थांबला, तर दोष त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या आधी. लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की सैल डाख कडकडून स्वतःच आपला पत्ता सांगतो. शेवटच्या व्हॉल्व्हचे धनाग्र लालभडक झाले, तर यंत्र तत्काळ बंद करावे. आधीच्या पायरीचा कंडेन्सर गळत असून जाळीवरचा ऋण दाब नाहीसा झाला असण्याचा संभव असतो.

बदलायचे किती, हा खरा कस. मोठे कंडेन्सर दोन-तीन दशकांत वाळतातच, ते बदलावेत. एक लाख ओहमचा रेझिस्टन्स उष्णतेने दीड लाखावर गेला असेल, तर तोही. पण मोजमापात उतरलेल्या भागांना हात लावू नये. जुन्या भागांच्या जादूविषयी बरेच बोलले जाते. त्यातले पुष्कळसे कानापेक्षा किमतीला धरून असते. तरी एक खरे, की व्हॉल्व्हवर भार वाढला म्हणजे लाटेचे माथे एकदम न कापता हळूहळू दबतात, आणि गिटारवादकांना हवा असतो तो आवाज इथेच जन्मतो.

आपल्या श्रोत्यांना हे व्हॉल्व्ह अगदीच परके नाहीत. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. घरोघरच्या रेडिओत शेवटच्या पायरीला असे तो ईएल ८४ हाच व्हॉल्व्ह इंग्लंडमध्ये १९५८ सालच्या व्हॉक्स एसी १५ या गिटारच्या ध्वनिवर्धकात जोडीने बसवलेला होता. म्हणजे ज्या हातांनी आजोबांचा रेडिओ दुरुस्त केला, त्यांना ती परदेशी पेटीही वाचता येते. मोठ्या अमेरिकन यंत्रांतला ६एल६ याच्याहून जुना, १९३६ चा. आज रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे असे व्हॉल्व्ह बनतात, त्यामुळे काच फुटली तरी यंत्र मरत नाही.

काम झाल्यावर काढलेले जुने भाग चांगले कारागीर फेकत नाहीत. ते कागदी पाकिटात घालून, वर तारीख आणि मोजलेले व्होल्ट लिहून पेटीच्या तळाशी चिकटवतात. पुढच्या माणसाला ते उपयोगी पडते.