चौथीचा निकाल आणि बारावीची मार्कशीट

घरमालकाचा मुलगा गणितात ‘१’ घेऊन नाचत घरी येतो आणि पुण्याहून नुकताच आलेला भाडेकरू विद्यार्थी त्याची समजूत घालायला जातो. जर्मनीतली ही पहिली फजिती. इथे १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास, ५ आणि ६ म्हणजे गाडी अडली.

दुसरा गोंधळ याहून मोठा. ‘जर्मन शाळा’ अशी एकच एक नाहीच. शिक्षण हा १६ राज्यांचा आपापला विषय. प्राथमिक शाळा बहुतेक राज्यांत चौथीपर्यंत, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत. त्यानंतर वाटा फुटतात. बव्हेरिया राज्यात चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल, तरच गिम्नाझिउमचं दार थेट उघडतं. (गिम्नाझिउम म्हणजे व्यायामशाळा नव्हे, तर विद्यापीठाकडे नेणारी शाळा!) बाकीची मुलं रेआलशूलं किंवा मिटलशूलं या दुसऱ्या शाळांकडे वळतात. आपल्याकडे दहावी-बारावीला घरात जे वातावरण असतं, ते इथे दहा वर्षांच्या पोराच्या वाट्याला येतं.

हे वय फार कोवळं आहे, आणि ही तक्रार फक्त परक्यांची नाही. २००१मध्ये शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीचे पहिले निकाल आले, तेव्हा आईवडिलांची परिस्थिती आणि मुलाची प्रगती यांची गाठ इथे किती घट्ट आहे हे दिसलं आणि देशभर खळबळ उडाली. अर्थात चुकलेली वाट पुढे बदलता येते. रात्रीचं गिम्नाझिउमही असतं. शिवाय कारखान्यात काम आणि व्यवसायशाळेत शिक्षण अशी पगारी ‘आउसबिल्डुंग’ इथे कमीपणाची मानत नाहीत. आपण आयटीआय म्हटलं की नाक मुरडतो, तसं नाही.

पण याचा पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्याशी संबंध काय? संबंध असा, की गिम्नाझिउमच्या शेवटी होणारी अबिटूर परीक्षा हाच विद्यापीठाचा परवाना. बारा-तेरा वर्षांच्या त्या तयारीपुढे आपली बारावी सहसा अपुरी ठरते. मग जेईई ॲडव्हान्स्ड, भारतातल्या पदवीचं एखादं वर्ष किंवा श्टूडियनकोलेग या विद्यापीठपूर्व तयारीच्या संस्थेतली दोन सत्रं, असा पूल बांधावा लागतो. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांचा तिथला वर्ग ‘टी-कोर्स’, वैद्यकीय आणि जीवशास्त्राकडे जाणाऱ्यांचा ‘एम-कोर्स’.

पदवीनंतर येणाऱ्यांची गंमत निराळी. त्यांचे टक्के जर्मन श्रेणीत बसवायला ‘बव्हेरियन सूत्र’ वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पासिंग गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. ७० टक्के घ्या. पासिंग ४० असेल तर श्रेणी येते २.५, पासिंग ५० असेल तर त्याच ७० टक्क्यांची २.८. गुण तेच, पण पासिंगची अट कडक असलेल्या विद्यापीठातल्या मुलाचीच श्रेणी घसरते! आणि २.५ची अट घालणारे अभ्यासक्रम काही कमी नाहीत.

म्हणून गावाकडचा भाचा किंवा पुतण्या अर्ज भरताना फोन करेल, तेव्हा त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या दिल्लीच्या एपीएस कार्यालयाचं प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२पासून विद्यार्थी व्हिसासाठी बहुतेकांना लागतं, ते वेळेत काढ. आणि मार्कशीट स्कॅन करताना तिची मागची बाजूही स्कॅन कर. पासिंगची अट बरेचदा तिथेच छापलेली असते.