अजिंठ्याचा व्रतस्थ अभ्यासक

अजिंठ्याचे १६ वे लेणे वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने भिक्षुसंघास अर्पण केले. वराहदेव ब्राह्मणकुळातील, परंतु दान देताना त्याला पंथभेद आड आला नाही. हा इतिहास उलगडण्यासाठी अमेरिकी विद्वान वॉल्टर स्पिंक अर्धशतकाहून अधिक काळ येथे येत राहिले. विद्यार्थ्यांना ते लेण्यांतच शिकवीत. दार फिरण्यासाठी कोरलेल्या खोबणीच्या पद्धतीवरूनही ते कोठडीचा काळ ताडीत. वाकाटककालीन लेणी सुमारे इ. स. ४६२ ते ४८० या अल्पावधीत घडली, हा त्यांचा सिद्धांत सर्वमान्य नाही. निष्ठा मात्र निर्विवाद आहे. २०१९ मध्ये ते निवर्तले. वारशाचा अभिमान मिरविणाऱ्या प्रत्येकाने निदान एक शिलालेख तरी समजून घ्यावा.