एक थेंब कळंब्याचा



कोल्हापुरात कळंबा म्हटलं की कुणाला कारागृह आठवतं, कुणाला तलाव.
आज तलावावर जाऊ.
पाण्याचा एक थेंब आणायला.

एकच थेंब.

१६७४ साली हॉलंडमधल्या एका कापड व्यापाऱ्यानं असाच तळ्याचा थेंब पाहिला.
त्याचं नाव लेवेनहूक.
भिंग त्यानं स्वतः घासून बनवलं होतं.
त्याला हिरव्या, नागमोडी पट्ट्या दिसल्या.
आणि त्यांच्यामधून धावणारे इवले जीव.

सूक्ष्मदर्शक महाग असतो, हे खरं.
पण मेरठला जन्मलेले शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांनी सहकाऱ्याच्या साथीनं कागदाच्या घड्यांचा सूक्ष्मदर्शक केला.
त्याचं नाव फोल्डस्कोप.
वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते.
मोबाइल जोडला, की फोटोही निघतो.

थेंब काचपट्टीवर ठेवा.
नुसतं नितळ पाणी नको, शेवाळाचा एखादा तंतू घ्या.
आता काचपट्टी फोल्डस्कोपमध्ये सरकवून उजेडाकडे धरा.
घाई करू नका.
पहिल्यांदा बहुधा हवेचे बुडबुडेच दिसतात.
आणि आपण त्यांनाच जंतू समजून खूश होतो!
जे हलतं, ते वहीत काढा. तारीख घाला.

संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक माहिती.
देशातल्या संस्थांमधली महागडी उपकरणं शोधायला केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल आहे.
तिथं वापराची वेळही राखता येते.

बाकीच्यांना मात्र एक थेंब पुरे.

रविवारी तलावावर गेलात, तर छोटी बाटली बरोबर असू द्या.
काठ निसरडा असतो.
मुलांसोबत मोठं कुणीतरी हवंच.