मुलाच्या चुकलेल्या उत्तराकडे लक्ष द्या



 मुले कशी विचार करतात आणि कशी शिकतात, या विषयावरची परिषद इथे डहाणू तालुक्यात भरावी याचा आम्हाला विशेष आनंद आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये इथल्याच बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण कुणाला गुरे राखायची होती, कुणाच्या कडेवर धाकटे भावंड होते. मग शाळाच कुरणात गेली आणि पाड्यावरच्या अंगणात बसली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आली, म्हणजे ताईला भावाला घरी ठेवून येण्याची गरज उरली नाही. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ ची. अंगणातली बालवाडी इथे तिच्या कितीतरी आधीपासून भरत होती.

परिषदेत जाँ पियाजे यांचे नाव वारंवार येईल, म्हणून एक आठवण करून देतो. १९२० च्या सुमारास हा तरुण स्विस संशोधक पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांचे काम करत होता. किती उत्तरे बरोबर आली, एवढे मोजणे हे त्याचे काम. त्याचे लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांवर खिळले. एका वयाची मुले साधारण एकाच तऱ्हेने चुकतात, हे त्याला दिसले. म्हणजे त्या चुकीमागे काही तर्क असला पाहिजे. पुढची साठ वर्षे पियाजेंनी या तर्काचा शोध घेतला. बुटक्या पेल्यातले पाणी मुलासमोरच उंच, निमुळत्या पेल्यात ओतले, तर चार-पाच वर्षांचे मूल म्हणते, पाणी वाढले. ते खोटे बोलत नसते. त्याला उंची दिसते आणि तो त्याच्यापुरता पुरावा असतो.

आपल्या वर्गात अशा चुकीचे रोजचे उदाहरण आहे. ‘एकवीस’ ऐकून मूल १२ लिहिते. एक आधी ऐकू आला, म्हणून तो आधी लिहिला. वीस नंतर ऐकले, म्हणून दोन नंतर. ‘एकोणतीस’ला ३९ लिहिणारे मूल शेवटच्या ‘तीस’वर विसंबते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. बाजू कोणतीही घ्या, पण तो वाद मुलांच्या याच अडचणीतून उभा राहिला होता, हे विसरू नये. अशा उत्तरावर लाल फुली मारायला क्षण पुरतो. ‘कसं काढलंस रे?’ असे विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि शिकवायचे काय ते त्या दोन मिनिटांतच कळते.

पियाजेंचेही सगळे बरोबर होते असे नाही. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७४ मध्ये एक सुंदर प्रयोग केला. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक ओळ मोठ्या माणसाने पसरवली आणि ‘आता दोन्हीत सारख्या आहेत का?’ असे पुन्हा विचारले, की बहुतेक मुले नाही म्हणत. तीच ओळ एका खोडकर टेडी अस्वलाने विस्कटली, तर बरोबर उत्तर देणारी मुले कितीतरी वाढली. बाईंनी पुन्हा विचारले, म्हणजे आपले आधीचे उत्तर चुकले असणार, असा अर्थ मुले लावतात. मुलाची अक्कल जोखताना आपला प्रश्नही जोखला पाहिजे. या प्रयोगाचा शिक्षकांसाठी यापेक्षा मोठा धडा मला माहीत नाही.

दुसरे मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की. पियाजे जन्मले त्याच वर्षी, १८९६ मध्ये, ते जन्मले आणि क्षयाने ३७ व्या वर्षी गेले. मूल आज एकटे काय करते, एवढेच पाहू नका. थोड्या मदतीने काय करू शकते तेही पाहा, असे त्यांनी सांगितले. शिकवण्याची खरी जागा या दोहोंच्या मधली. ही मदत भाषेतून पोचते. पण आमच्या पाड्यावरचे मूल वारली बोलत वर्गात येते आणि पुस्तकाची मराठी ऐकून गप्प बसते. त्या गप्प बसण्याला ‘मंद’ हे नाव देणे हा अन्याय आहे, आणि तो आजही होतो. ज्या भाषेत मूल विचार करते, त्या भाषेत त्याला आधी बोलू द्या. प्रमाण मराठी त्याला हवीच आहे, पण ती त्या बोलीचा हात धरून यावी.

मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते, असे मानणाऱ्या रचनावादाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर हा शब्द शाळाशाळांत पोचला आणि काही शिक्षकांनी त्याचे सोने केले. पण पुष्कळ ठिकाणी फरशीवर वर्तुळे रंगवली, मणी-काड्या मांडल्या, तपासणी झाली आणि काम थांबले. कोसबाडला गारगोट्या, शिंपले आणि बिया हेच साहित्य होते. मांडणीपेक्षा, त्या बिया हातात घेतलेले मूल काय म्हणते, याकडे तिथे लक्ष होते.

व्यवस्थेत काही उणे राहिले तर स्वागत समितीच्या कार्यकर्त्यांना मोकळेपणाने सांगा. आपल्यापाशी एकच मागणे आहे. गटचर्चेत बसाल तेव्हा आपल्या वर्गातल्या एका मुलाचे एक चुकलेले उत्तर सांगा, आणि ते मूल तिथवर कसे पोचले असेल यावर सर्वांनी मिळून बोला. अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे.