नकाशाचे तुकडे व त्यांची जागा

संगणकाच्या पडद्यावर जगाचा नकाशा अखंड दिसतो. परंतु तो जोडलेला असतो फरशीसारख्या चौकोनी तुकड्यांनीं. या तुकड्यांस टाइल म्हणतात. एक टाइल बहुधा २५६ पिक्सेल लांब व तितकीच रुंद असते. शून्य क्रमांकाच्या पायरीवर सारें जग एकाच टाइलींत मावतें. पुढील प्रत्येक पायरीवर एकीच्या चार होतात, आणि दहाव्या पायरीवर त्यांची संख्या दहा लाखांवर जाते.

जालावरून उतरवून घेतलेली टाइल आलेखाखालीं पसरून तीवर ठिपके मांडण्याची सोय मॅटप्लॉटलिब या पायथन भाषेंतील आलेखसाधनांत आहे. जॉन हंटर यांनीं तें २००३ सालीं प्रसिद्ध केलें. परंतु टाइल हें नुसतें चित्र. तें पृथ्वीच्या कोणत्या भागाचें, हें त्यावर कोठें लिहिलेलें नसतें. तें आलेख काढणाऱ्यानें सांगावयाचें असतें. घोटाळा होतो तो येथेंच.

नवशिका जगाच्या टाइलीस आडवे १८० व उभे ८५.०५ अंश दोहों बाजूंस लावतो. कडा बरोबर असतात. तरी १९ अंशांवर ठेविलेला मुंबईचा ठिपका चित्रांत ३७ अंशांवरील पामीरच्या पहाडांत जाऊन पडतो. ठिपका खोटा नाहीं, चित्रहि खोटें नाहीं. मग दोष कोणाचा, असें श्रोत्यांस वाटेल. मर्केटर यानें १५६९ सालीं योजिलेल्या प्रक्षेपांत अक्षांशांमधील अंतर ध्रुवांकडे वाढत जातें. आलेखाचा अक्ष मात्र तें सर्वत्र सारखें धरतो.

उपाय एकच. दोहोंस एकच माप लावावें. टाइलीच्या कडा प्रक्षेपाच्या मीटरांत द्याव्या. जगाच्या टाइलीची प्रत्येक कड मध्यापासून २,००,३७,५०८ मीटरांवर येते. ठिपक्यांचे अंशहि त्याच मीटरांत बदलून घ्यावे. टाइलींच्या ओळी उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजतात, हेंहि विसरूं नये. नाहीं तर जग उलटें टांगलें जातें.

एका शहराच्या नकाशांत ही चूक डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणूनच ती अंगवळणी पडते. पण ८ ते ३७ अंशांच्या भारताच्या नकाशावर मध्यभागीं तोच फरक सुमारें ८५ किलोमीटर होतो. पूरग्रस्त गांवें दाखविणाऱ्या नकाशांत एवढें अंतर म्हणजे मदत दुसऱ्याच खोऱ्यांत धाडणें होय.

यास्तव ज्याची जागा पक्की ठाऊक आहे असें एक गांव प्रथम मांडून पाहावें. तें जागेवर बसलें, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवावा.