योजकाची परीक्षा

(गडहिंग्लज येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



नियोजनाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. बैठकीचे टिपण, कामाची वाटणी, वेळापत्रक, हिशेबाची वही यांचे वळण आपल्यापैकी अनेकांना बालपणापासून लागलेले असते. परंतु वही ठेवणाऱ्याची गाठ वही न मानणाऱ्या सहकाऱ्याशी पडली, म्हणजे काय करावे, याचा विचार क्वचितच होतो. बँकेत, शाळेत, कारखान्यात, गणेशोत्सवाच्या मंडळात, सर्वत्र ही जोडी असतेच. एकजण म्हणतो, ‘आधी विचार करू.’ दुसरा म्हणतो, ‘आधी निघू, वाटेत पाहू.’ पहिल्याला दुसरा उतावळा वाटतो आणि दुसऱ्याला पहिला भित्रा वाटतो.

या विषयासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्याच तालुक्यात नेसरी आहे. आपण तेथील स्मारकाला वंदन करतो, कुसुमाग्रजांची कविता आपल्याला मुखोद्गत असते. आज मात्र त्या प्रसंगाकडे योजक आणि सहकारी यांच्या नात्याच्या दृष्टीने पाहू.

सरनोबत प्रतापराव गुजर हे सामान्य सेनानी नव्हते. १६७२ साली साल्हेरच्या मैदानात एकीकडून प्रतापराव आणि दुसरीकडून मोरोपंत पिंगळे चालून गेले आणि मोगलांच्या मोठ्या फौजेचा उघड्या मैदानात पराभव झाला. एक घोडदळाचा मनस्वी सरदार, दुसरा राज्यकारभारात मुरलेला पेशवा. दोघांच्या प्रकृती भिन्न होत्या, पण योजना एक होती. त्यामुळे ती भिन्नताच सामर्थ्य ठरली.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १६७३ मध्ये, उमराणीजवळ प्रतापरावांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याची पाण्याची वाट रोखली. तहानेने व्याकूळ झालेला खान शरण आला. प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. यात त्यांचा कोणताही स्वार्थ नव्हता. शरण आलेल्याला मारू नये, हा क्षत्रियाचा धर्म त्यांनी पाळला. महाराजांची दृष्टी मात्र त्या दिवसाच्या पलीकडे होती. सुटलेला शत्रू पुन्हा येईल आणि त्याची झळ रयतेला बसेल, हे त्यांना दिसत होते. झालेही तसेच. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराजांनी सरनोबतांना कठोर शब्दांत कळविले की, खानाचा निकाल लावल्याविना आम्हांस तोंड दाखवू नये.

२४ फेब्रुवारी १६७४. खानाची फौज समोर आहे, आपली फौज मागे आहे आणि प्रतापराव अवघ्या सहा स्वारांसह खिंडीत घुसतात. सातही जण धारातीर्थी पडतात. राज्याभिषेक अवघ्या साडेतीन महिन्यांवर आला असताना स्वराज्याने आपला सरसेनापती गमावला.

महाराजांच्या निर्णयाला दोष देण्याची आपली योग्यता नाही. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले होते. परंतु योजकाने येथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपले म्हणणे खरे असले, तरी कठोर शब्द मानी माणसाच्या काळजात जातो, आणि तेथे गेल्यावर तो काय करील हे कोणत्याही योजनेत लिहिलेले नसते. महाराजांना या मृत्यूचे अतिशय दुःख झाले. पुढे १६८० साली त्यांनी प्रतापरावांच्या कन्येला, जानकीबाईंना, राजाराम महाराजांसाठी सून म्हणून घरी आणले. सेनापतीने चूक केली, आता विषय संपला, असे त्यांनी मानले नाही.

मी हे एवढ्या आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हिरण्यकेशीला महापूर आला, तेव्हा मदतकार्याची यादी माझ्याकडे होती. कोणत्या गावाला किती धान्य, किती अंथरूण-पांघरूण, सारे मी वहीत मांडत होतो. माझ्या एका तरुण सहकाऱ्याला ते सोसले नाही. त्याने मिळेल ते सामान टेम्पोत भरले आणि तो निघाला. त्या रात्री काही कुटुंबांना अन्न मिळाले ते त्याच्यामुळे. पण रस्त्यावरच्या गावांना दोनदा मदत पोहोचली आणि आडबाजूची एक वस्ती दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहत राहिली. बैठकीत मी सर्वांसमक्ष त्याला बोललो. माझे आकडे बरोबर होते. त्याने मान खाली घालून ऐकले, पूर ओसरेपर्यंत राबला आणि नंतर येईनासा झाला.

कित्येक महिन्यांनी मी त्याच्या घरी गेलो. चहा झाल्यावर तो एवढेच म्हणाला, “सर, यादी चांगली केलासा. पण करायच्या आधी एकदा मला विचारायचं होतं. कुठली वाट पाण्याखाली आहे ते मी सांगितलो असतो.” मी निरुत्तर झालो. वही माझ्याकडे होती, वाटा त्याच्या पायाखालच्या होत्या. दोन्ही एकत्र आल्या असत्या, तर ती वस्ती उपाशी राहिली नसती.

मग योजकाने कसे वागावे? याचेही उत्तर महाराजांकडेच आहे. चिपळूण परिसरात छावणीला असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेले त्याच काळातले एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण बेताने वापरा, असे सांगून महाराज तेथे थांबत नाहीत. आताच उधळपट्टी केली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेला त्रास द्याल, रयत गाव सोडून जाईल, अशी एकेक पायरी ते उलगडून दाखवतात. रात्री दिवा जळता ठेवला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत ते सांगतात. छत्रपतीने साध्या हवालदाराला आज्ञेबरोबर कारणही द्यावे, ही गोष्ट विलक्षण आहे. कारण कळलेला माणूस आज्ञा न मिळालेल्या प्रसंगीही योग्य तेच करतो.

दुसरे उदाहरण आपल्या काळाजवळचे आहे. अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्यात जन्मलेले मा. एकनाथजी रानडे. १९६३ साली कन्याकुमारीच्या शिलास्मारकाचे दायित्व त्यांच्याकडे आले, तेव्हा स्थानिक विरोध होता, मद्रास राज्याचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम् अनुकूल नव्हते, केंद्रीय मंत्री हुमायून कबीर यांचाही विरोध होता. एकनाथजींनी कोणालाही शत्रू ठरविले नाही. त्यांनी तीन दिवसांत सर्व पक्षांच्या ३२३ खासदारांच्या स्वाक्षऱ्या मिळविल्या. मुख्यमंत्र्यांची तयारी केवळ लहानशा स्मारकापुरती होती, तेव्हा त्यांना ज्यांचा शब्द वंदनीय होता त्या कांचीच्या परमाचार्यांचे मार्गदर्शन एकनाथजींनी घेतले आणि भव्य आराखडा मान्य झाला. २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. एकनाथजींचे नियोजन काटेकोर होते, पण त्यात पहिली नोंद दगडाची किंवा पैशाची नसे. समोरचा माणूस असे का म्हणतो आहे, याची असे.

म्हणून व्यवहारातील तीन गोष्टी सांगतो. योजना पूर्ण करून मग ती सहकाऱ्यापुढे ठेवू नका, अर्धी असतानाच त्याच्याकडे न्या. प्रत्येक कामाबरोबर त्याचे कारण सांगा. आणि चूक दाखवायची असेल, तर चारचौघांत बोलू नका, त्याच्या घरी जा. मनस्वी सहकाऱ्यालाही माझे एक सांगणे आहे. वही ठेवणाऱ्याला भित्रा समजू नका. त्याला पुढच्या महिन्यातली भूक आज दिसत असते. निघण्यापूर्वी त्याला एक शब्द सांगून निघा, म्हणजे तुमच्या मागे फौज उभी राहील.

योजक दुर्लभ असतो, असे आपला सुभाषितकार सांगतो. ते ऐकून आम्हा वहीवाल्यांच्या मनात थोडा अहंकार शिरतो. परंतु जिवावर उदार होणारा सहकारीही दुर्लभच असतो. प्रतापराव पुन्हा पुन्हा मिळत नाहीत.

माझा तो तरुण मित्र २०२१ च्या पुरात पुन्हा कामाला आला. त्या वेळी यादी आम्ही दोघांनी मिळून केली. नेसरीला जाल तेव्हा त्या सात वीरांना वंदन कराच. आणि आपल्या शब्दामुळे आपल्यातला कोणी एकटा तर पडला नाही ना, हेही तेथे उभे राहून एकदा मनाला विचारा. पडला असेल, तर परतताना त्याच्या घरावरून या.

एवढे सांगून मी थांबतो.