नवोदयला मूल पाठवताना



जवाहर नवोदय विद्यालय, म्हणजे सहावीपासूनच्या मुलामुलींना वसतिगृहात ठेवून शिकवणारे केंद्र सरकारचे विद्यालय, याच्या प्रवेशपरीक्षेची तयारी अनेक घरांत कसून होते;

घर सोडून राहण्याची तयारी मात्र राहूनच जाते.

अशा पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक अमरावतीत सुरू झाले, आणि बहुतांश जागा ग्रामीण मुलांसाठी असल्याने शेतकरी-मजुरांच्या मुलांना ती मोठी संधी ठरली.

परंतु जाणारे मूल जेमतेम दहा-अकरा वर्षांचे असते,
म्हणूनच निकालाआधी त्याच्याशी मोकळेपणाने बोलणे अत्यावश्यक आहे.

नववीत ‘स्थलांतर योजना’ असते, म्हणजे काही विद्यार्थी एका वर्षासाठी वेगळ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदयात जातात;
तेही मुलाला आधीच सांगावे.

सुरुवातीला घराची ओढ लागणे स्वाभाविक असते, त्यामुळे फोनवरचे रडणे ऐकून मुलाला लगेच परत आणणे जितके घाईचे, तितकेच त्या रडण्याला नाटक म्हणणे अन्यायाचे आहे.

मात्र काही आठवड्यांनंतरही मूल नीट जेवत नसेल,
झोपत नसेल,
किंवा एखाद्या व्यक्तीचे नाव निघताच गप्प होत असेल,
तर पालकांनी स्वतः जाऊन मुलाला एकांतात भेटावे आणि सदनप्रमुखांशी, म्हणजे त्याच्या निवासगटाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांशी, बोलावे.

पुन्हा सांगायचे तर, आधी मुलाशी बोलावे आणि नंतरही बोलत राहावे.

बालकांसाठीचा मोफत मदत क्रमांक 1098,
एक, शून्य, नऊ, आठ,
मुलाकडून जाण्यापूर्वीच पाठ करून घ्यावा.